आधी स्थळप्रत, मग सफाई




गेल्या काही आठवड्यांत या स्तंभाच्या नावाने आलेल्या पत्रांत आणि रविवारी विहाराच्या पायरीवर भेटणाऱ्यांच्या तोंडी एकच तक्रार आहे. रात्री फोन चार्जिंगला लावला, पोराने सांगितले म्हणून ‘अपडेट’ला हो म्हटले, आणि सकाळी पाहतो तो फोन तापलेला, अडखळत चालणारा, वर सूचना : ‘स्टोरेज फुल’. कुणाचा कॅमेरा फोटो काढू देईना, कुणाचे व्हॉट्सॲप म्हणते जागा नाही, कुणाला बॅकअप थांबल्याचा निरोप. मग घरातले एखादे हुशार पोर पुढे होते, ‘द्या इकडे, मी करतो साफ’ म्हणते आणि पाच मिनिटांत फोन मोकळा करून देते. फोन मोकळा होतो खरा. त्यातून काय काय गेले हे महिन्याभराने कळते.

मी इंजिनियर नाही. बी.कॉम. होऊन कारकुनीला लागलेला माणूस. पण नोकरीच्या पहिल्या आठवड्यात हेडक्लार्कने जे शिकवले ते इथे पुरते. पत्र टपालात टाकण्याआधी त्याची स्थळप्रत फाईलला लागली पाहिजे, आणि ती लागली की नाही हे आपल्या डोळ्यांनी पाहायचे; ‘लावली असेल’ म्हणायचे नाही. फोनच्या दुनियेत स्थळप्रतीला बॅकअप म्हणतात. सध्याचा सगळा घोळ असा, की लोक स्थळप्रत न पाहताच मूळ कागद रद्दीत घालत आहेत.

‘एवढे काय असते हो आमच्या फोनात?’ असे एका भगिनीने विचारले. विचारण्यासारखाच प्रश्न आहे. बंगल्यातल्या माणसाकडे लोखंडी कपाट असते, बँकेत लॉकर असतो. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत पावसाळ्यात पाणी शिरते. म्हणून आपण पत्र्याच्या पेटीतले कागद हळूहळू फोनात आणले. रेशनकार्ड, मुलीची गुणपत्रिका, दवाखान्याचे रिपोर्ट, ठेकेदाराने व्हॉट्सॲपवर पाठवलेला पगाराचा हिशेब, हजेरीच्या वहीचा चोरून काढलेला फोटो. उद्या मजुरी बुडवली तर हाच पुरावा. जातीच्या दाखल्याला आणि पडताळणीला अनुसूचित जातींकडून १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, हे आपल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. आमच्याच वस्तीतल्या एका बांधवाने गावच्या शाळेत तीन खेपा घालून आजोबांच्या नावाचा निर्गम उतारा मिळवला. कागद पावसात भिजून लगदा झाला. फोटो मात्र फोनात होता. अपडेटनंतर फोन अडकू लागला म्हणून त्याने तो नाक्यावरच्या दुकानात दिला. दुकानदाराने तीनशे रुपये घेतले आणि फोन ‘नव्यासारखा’ करून दिला. नव्यासारखा म्हणजे अगदी नवा. आत काहीच नाही. चौथी खेप घालावी लागली, तीन दिवसांची हजेरी बुडाली. तरी शाळेत रजिस्टर होते म्हणून निभावले. दुसऱ्या एका घरात वारलेल्या आईने पाठवलेले आवाजाचे निरोप होते. त्याचे रजिस्टर कुठल्याच शाळेत नसते.

आता अपडेटने नेमके होते काय, ते पाहू. कंपनी फोनची चालवणूक बदलते, सुरक्षेची जुनी कुलुपे काढून नवी बसवते. ते टाळू नये. फोनवरून पैसे देणाऱ्या-घेणाऱ्याने तर मुळीच टाळू नये. पण त्या कामाला जागा लागते. नवी फाईल उतरवायची, उघडायची, जुन्याच्या जागी बसवायची. त्यानंतर एक-दोन दिवस फोन आतल्या आत सगळ्या ॲपची पुन्हा मांडामांड करीत असतो, म्हणून तापतो, बॅटरी खातो, अडखळतो. तेव्हा पहिल्या दिवशी काहीच पुसू नका. एकदा बंद करून चालू करा, रात्रभर चार्जिंगला लावून ठेवा. बऱ्याच तक्रारी एवढ्यानेच मिटतात. ज्यांच्या मिटत नाहीत त्यांचा फोन अपडेटच्या आधीच काठोकाठ भरलेला होता. ३२ किंवा ६४ जीबीचा फोन, त्यातली पंधरा-वीस जीबी जागा पुष्कळदा यंत्रणेनेच व्यापलेली. भरल्या माठात आणखी एक तांब्या ओतला तर दोष तांब्याला देऊन काय उपयोग?

माठ कशाने भरला हे सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज’ उघडले की दिसते. बहुतेक घरांत पहिला नंबर व्हॉट्सॲपचा आणि व्हिडिओंचा. आपल्याकडे तर एप्रिल महिना झाला की विचारूच नका. एकाच मिरवणुकीचे दहा जणांनी काढलेले दहा व्हिडिओ, दर गटात भीमगीतांच्या क्लिपा, आणि रोज सकाळी फुलांच्या चित्रावर जयभीम घालणारे बांधव. भावना चांगली आहे, त्याबद्दल कुणाला दुखवायचे नाही. पण तोंडाने घातलेला जयभीम जागा खात नाही, एवढेच सुचवतो.

आता मुख्य मुद्दा, स्थळप्रत लागली आहे की नाही हे पाहण्याचा. ‘आमचा बॅकअप चालूच आहे’ असे दहातले आठ जण सांगतात. कुठे पाहिले, असे विचारले की गप्प. पाहायच्या जागा दोनच आहेत. अँड्रॉइड फोनात गूगल फोटोज नावाचे ॲप उघडा, वर उजव्या कोपऱ्यात आपल्या नावाचे गोल चिन्ह असते त्यावर बोट ठेवा. बॅकअप पूर्ण आहे, चालू आहे की बंद आहे, हे तिथे लिहिलेले असते. किती फोटो बाकी आहेत तेही दिसते. दुसरी जागा व्हॉट्सॲपची : सेटिंग्ज, मग चॅट्स, मग चॅट बॅकअप. तिथे शेवटचा बॅकअप कुठल्या तारखेला झाला ते दोन ओळींत असते. ‘लोकल’ म्हणजे याच फोनातला आणि ‘गूगल’ म्हणजे बाहेरचा. लोकल रोज पहाटे होतो आणि फोनबरोबरच हरवतो. त्याला स्थळप्रत म्हणता येत नाही. गूगलच्या ओळीतली तारीख मागच्या वर्षीची असेल तर तुमचा बॅकअप मागच्या वर्षीच थांबला आहे, चालू-बिलू काही नाही.

तो का थांबतो याचे पहिले कारण आपल्या घरांना नेमके लागू पडते, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. हे दोन्ही ॲप तयार करणाऱ्यांनी धरून चालले आहे की माणसाच्या घरी वाय-फाय असते. मोबाईल डेटावर बॅकअप करू नये, अशीच त्यांची मूळ मांडणी असते. ज्याच्या खोलीत वाय-फाय नाही आणि जो रोजच्या एक-दीड जीबीच्या रिचार्जवर जगतो, त्याचा बॅकअप ‘चालू’ दिसत असूनही वर्षानुवर्षे होतच नाही. व्हॉट्सॲपच्या त्याच पानावर मोबाईल डेटा वापरण्याची एक कळ असते, ती चालू करा. ‘व्हिडिओसह’ ही कळ बंद ठेवा, म्हणजे बॅकअप आटोपशीर होतो. गूगल फोटोजमध्येही मोबाईल डेटाची रोजची मर्यादा ठरवता येते. रात्री झोपण्याआधी रिचार्जचा उरलेला डेटा असतो, तो एरवी वायाच जातो. तो या कामी लावा. आठ-पंधरा दिवसांत मागचे सगळे वर चढते.

दुसरे कारण, व्हॉट्सॲपवर आलेले फोटो. गूगल फोटोज आपणहून फक्त कॅमेऱ्याने काढलेल्यांची प्रत घेते. कुणी पाठवलेला उतारा, दाखला, लग्नाचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये पडलेले असतात. बॅकअपच्या सेटिंगमध्ये ‘डिव्हाइस फोल्डर’ म्हणून एक ओळ आहे. तिथे व्हॉट्सॲप इमेजेस चालू केल्याशिवाय त्यांची प्रत होत नाही. मात्र चालू करण्याआधी त्या फोल्डरमधली खोगीरभरती काढा, नाहीतर फुलांची चित्रेच आधी वर जाऊन बसतील.

तिसरे कारण, फुकटची जागा संपली. एका गूगल खात्याला १५ जीबी जागा मोफत मिळते, आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह, फोटो हे तिघे भाऊ एकाच खोलीत राहतात. २०१५ सालापासून थोडे दाबलेले फोटो कितीही ठेवा, मोजणार नाही, असे होते. १ जून २०२१ पासून नवे फोटो मोजायला लागले. अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही बरीच वर्षे मोजत नसत, तो २०२४ च्या पहिल्या सहामाहीपासून सगळ्यांचा याच १५ जीबीत धरू लागले. आधी फुकट देऊन सवय लावायची आणि सवय लागली की वहीत मांडायला सुरुवात करायची, ही उधारीच्या वाण्याची जुनी रीत आहे. कॉम्प्युटरवाल्यांनी काही नवीन शोधून काढलेले नाही.

पण खोली भरल्याचा परिणाम फोटोंपुरता राहत नाही, इकडे लक्ष द्या. १५ जीबी भरली की जीमेलवर नवी मेल येणे बंद होते. मुलाने दहा ठिकाणी नोकरीचे अर्ज केलेले, मुलीच्या कॉलेज प्रवेशाची यादी लागायची, आणि मुलाखतीची मेल पाठवणाऱ्याकडे परत जाते. पोरगे म्हणते बोलावणेच आले नाही. म्हणून ज्या खात्यावर अर्ज भरता, त्या खात्यात फोटो-व्हिडिओ भरू नका. फोटोंना दुसरे खाते काढा, त्याला पैसे पडत नाहीत. आणि विकतची जागा? १०० जीबीची योजना साधारण सव्वाशे-दीडशे रुपये महिन्याच्या घरात जाते. ज्याला जमेल त्याने जरूर घ्यावी. पण घेतली आणि मध्येच सोडली, की साठा मर्यादेबाहेर जातो. तसा दोन वर्षे राहिला तर तो पुसण्याचा हक्क कंपनीने राखून ठेवला आहे. हप्त्याची वस्तू घेताना जसा विचार करतो तसा करूनच घ्या.

आता खात्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण अर्धे नुकसान इथे होते. तुमच्या फोनात गूगलचे खाते कोणाचे आहे? पुष्कळांना हा प्रश्नच कळत नाही. फोन घेतला तेव्हा दुकानातल्या मुलाने ‘मावशी, थांबा, मी चालू करून देतो’ म्हणत आपल्या मनाने एक नाव टाकले, एक पासवर्ड टाकला, पडताळणीला कदाचित स्वतःचाच नंबर दिला. मावशींनी त्या पासवर्डाचे तोंडही पाहिलेले नाही. पाच वर्षे सगळे फोटो त्या खात्यात जात आहेत. फोन हरवला तर? नवा घेतला तर? स्थळप्रत आहे, पण कपाटाची किल्ली दुकानदाराच्या नोकराकडे, आणि तो नोकर केव्हाच दुसरीकडे गेला. कधी खाते पुतण्याचे असते. मग मावशींचे फोटो पुतण्याच्या फोनात दिसतात आणि पुतण्याने आपला फोन साफ केला की मावशींचेही जातात. शिवाय फोन रिसेट झाला तर तो उघडताना आधीचेच खाते मागतो. ते सांगता आले नाही तर हातात नुसती काच उरते.

तेव्हा आज संध्याकाळी एवढे कराच. सेटिंग्जमध्ये ‘गूगल’ उघडा, वर ईमेलचे नाव दिसेल ते वहीत उतरवा. त्याच्या सुरक्षेच्या पानावर जाऊन नंबर कोणाचा आहे ते पाहा. परका असेल तर बदलून घरातला टाका. पासवर्ड स्वतःच्या मनाचा ठेवा आणि वहीत लिहून पेटीत ठेवा. पासवर्ड लिहू नये असे शहाणे लोक सांगतात. त्यांनी आमच्या आयांना तो पाठ करायला लावून पाहावे. हे सारे फोन चालू आहे, खाते उघडे आहे तोवरच सोपे असते. फोन बिघडल्यावर करायला जाणे म्हणजे बैल गेला अन् झोपा केला. व्हॉट्सॲपच्या बॅकअपला कुणी हौसेने वेगळा पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली लावली असेल तर तीही लिहून ठेवा. ती हरवली तर कंपनीसुद्धा तो बॅकअप उघडून देऊ शकत नाही.

स्थळप्रत आहे, खाते आपले आहे, हे पाहिले. आता सफाईला हात घाला. पण एक भेद आधी समजून घ्या, कारण इथे शिकलेली मुलेही फसतात. गूगल फोटोज म्हणजे दोन रजिस्टरे नव्हेत. एकच रजिस्टर दोन खिडक्यांतून पाहण्याचा प्रकार आहे. बॅकअप झालेला फोटो त्या ॲपमधून पुसला की तो वरूनही जातो. ‘वर आहे ना, मग इथला पुसू’ म्हणून पुसाल तर दोन्हीकडचा जाईल. फोनातला काढून वरचा ठेवायचा असेल तर त्याच गोल चिन्हाखाली ‘फ्री अप स्पेस’ अशी वेगळी ओळ आहे; ती फक्त प्रत झालेल्यांनाच फोनातून हलवते. चुकून पुसले असेल तर घाबरू नका. बॅकअप झालेला फोटो त्या ॲपच्या कचरापेटीत ६० दिवस राहतो, न झालेला ३० दिवस. तेवढ्यात परत आणता येतो. उलट बाजू अशी की कचरापेटीत पडलेलेही जागा खातात. शंभर व्हिडिओ पुसूनही जागा झाली नाही, असे सांगणाऱ्यांनी पेटी पाहावी, मात्र रिकामी करण्याआधी दोनदा चाळावी.

व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मॅनेज स्टोरेज असे गेलात की पाच एमबीपेक्षा मोठ्या फाईली आणि पुन्हापुन्हा पुढे ढकललेल्या वस्तू वेगळ्या काढून दाखवतात. तिथून सुरुवात करा. पाच-सात जीबी सहज निघते. त्याच भागात आपोआप उतरवून घेण्याची कळ आहे. मोबाईल डेटावर फोटो-व्हिडिओ काहीच आपोआप उतरू नये असे करून ठेवा, पाहायचे ते बोट लावून पाहा. पुढच्या अपडेटला चार-पाच जीबी जागा मोकळी राहिली तर हा गोंधळ होत नाही.

ॲपच्या माहितीत ‘क्लिअर कॅश’ आणि ‘क्लिअर डेटा’ अशी दोन बटणे शेजारीशेजारी असतात. कॅश म्हणजे कामाच्या टेबलावरचे कच्चे चिठोरे. ते टाकले तर बिघडत नाही. डेटा म्हणजे त्या ॲपचे दप्तरच. नावे जवळजवळ सारखी, परिणाम जमीन-अस्मानाचा. काही फोनांत त्याला ‘क्लिअर स्टोरेज’ म्हणतात, आणि जागा भरलेल्या माणसाला तेच हवेसे वाटते! त्याला हात लावू नका. फोन दुरुस्तीला द्याल तेव्हा दुकानदाराला तोंडावर विचारा : ‘रिसेट करणार का?’ हो म्हणाला तर फोन उचलून घरी या, आणि प्रत झाल्यावरच परत जा.

जागा भरल्याची भीती दाखवून फसवणारेही निघाले आहेत. ‘तुमचे खाते आज बंद होईल, इथे दाबा’ अशा मेल येतात, व्हॉट्सॲपवर सफाईचे म्हणून ॲप पाठवतात. पाठवलेले ॲप कधी बसवू नये, ओटीपी कुणाला सांगू नये. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा. उशीर झाला तर पैसे अडवणे कठीण जाते.

ज्यांना हे इंटरनेटवरचे कपाटच नको वाटते त्यांचीही सोय आहे. फोनला थेट लागणारा, टाइप-सी तोंडाचा पेनड्राइव्ह मिळतो. ६४ जीबीचा काही शे रुपयांत येतो. तीन घरे मिळून एक घेतला तरी चालेल. रस्त्यावर चारशे रुपयांत हजार जीबीचा म्हणून विकतात तो घेऊ नका. त्यावर लिहिलेली जागा त्यात नसते, आणि भरलेले फोटो उघडतच नाहीत. पेनड्राइव्ह लावला की फाईल्समध्ये जाऊन फोल्डर निवडा आणि ‘कॉपी’ म्हणा, ‘मूव्ह’ म्हणू नका. मूव्ह करताना मध्येच वायर हलली तर ना इकडे ना तिकडे. कॉपी झाल्यावर पेनड्राइव्हमधले दोन-चार फोटो, एखादा व्हिडिओ उघडून पाहा. मग फोनातले पुसा.

सरकारी कागदांसाठी डिजिलॉकर वेगळे ठेवा. त्यात त्या-त्या कार्यालयाकडून थेट आलेला दाखला मूळ कागदाच्या बरोबरीचा धरावा असा नियम आहे. फोनात काढलेल्या फोटोला तो मान नाही. पण आजोबांचा निर्गम उतारा डिजिलॉकरला कोणी पाठवणार नाही. तो स्वतः त्यात चढवून ठेवा, एक प्रत मेलने स्वतःलाच पाठवा, आणि दोन झेरॉक्स काढून गावाकडच्या भावाकडे एक ठेवा. तिन्ही एकदम जाणार नाहीत.

आयफोन आपल्या घरांत थोडे आहेत, पण कंपनीत लागलेली मुले जुने आयफोन घेतात. त्यांना मोफत जागा ५ जीबीच असते, म्हणून त्यांचा बॅकअप लवकर थांबतो. तारीख पाहायची ती सेटिंग्जमध्ये आपल्या नावाखाली आयक्लाउडमध्ये. बाकी ‘आधी पाहा, मग पुसा’ तेच.

मेमरी कार्डाबद्दल एका बांधवाने विचारले आहे. अपडेटनंतर फोन म्हणतो कार्ड खराब आहे, ‘फॉरमॅट’ करू का? नाही म्हणा. फोन बंद करून कार्ड काढा, पुसून परत घाला; तरी नाही तर कार्ड रीडरने कॉम्प्युटरवर लावून पाहा. पुष्कळदा सगळे जागेवर असते. मात्र कार्ड फोनच्या आतल्या जागेत मिसळून वापरले असेल तर ते दुसऱ्या यंत्रात वाचता येत नाही, ते त्याच फोनात ठेवून सोडवावे लागते.

वारलेल्या माणसाचा फोन अनेक घरांत बंद करून पेटीत ठेवलेला असतो. तो बंद ठेवू नका, एवढी विनंती. १२० दिवस वापर नसलेले व्हॉट्सॲप खाते साधारणपणे बंद होते, दोन वर्षे कोणी न उघडलेले गूगल खाते पुसले जाऊ शकते, आणि रिचार्ज नसलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला जातो. आईचा, बापाचा आवाज हवा असेल तर फोन चार्ज करा, व्हॉट्सॲप काढू नका, अपडेटही आत्ता नको. तुमच्याकडे आलेल्या निरोपावर बोट दाबून धरले की ‘शेअर’ येते. तिथून तो ड्राइव्हवर किंवा स्वतःच्या मेलवर पाठवता येतो. निरोप पुष्कळ असतील तर फाईल्समध्ये अँड्रॉइड, मीडिया, कॉम डॉट व्हॉट्सॲप, व्हॉट्सॲप, पुन्हा मीडिया अशा पायऱ्या उतरत जा. ‘व्हॉट्सॲप व्हॉइस नोट्स’ नावाचे फोल्डर सापडेल. ते सबंध पेनड्राइव्हवर कॉपी करा. फाईलींना नुसत्या तारखांची नावे असतात, आवाज कुणाचा ते लिहिलेले नसते. शांतपणे बसून एकेक ऐकावे लागते आणि नाव द्यावे लागते. त्या कामाला घरातले दोघे बसा, एकट्याने करू नका.